धाकटी लिहायला बसते तेव्हा…

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गडबड चालली होती. वाणाच्या वाट्या मोजून ठेवत होते, तेवढ्यात सेलूहून धाकटा भाऊ आला. तिळगूळ हातावर ठेवायच्या आधीच म्हणाला, "ताई, अक्काचा गौरव अंक निघतोय. तिचे जुने विद्यार्थी काढताहेत. एक लेख तुझा हवा. लहानपणच्या आठवणी तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

आमची अक्का म्हणजे आमच्या गावात मोठं नाव. वडील गेले तेव्हा ती अठरा वर्षांची. आईला दम्याचा त्रास, पाठीवर आम्ही तिघं. अक्का प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि तिने घर उभं केलं. आजही परभणी स्टेशनवर उतरलं की कुणीतरी वाकून नमस्कार करतं आणि विचारतं, "तुम्ही बाईंच्या बहीण ना?" मला माझ्या नावाने ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत!

रात्री भांडीकुंडी आवरून लिहायला बसले. वाटलं होतं, कौतुकाचे शब्द भराभर येतील. पण आलं ते भलतंच. चुलीपुढचा धूर आला, आईची औषधं आली, भावांच्या चड्ड्यांना लावलेली ठिगळं आली. अक्काचा डबा सकाळी सातला तयार लागायचा, तो कोण करत होतं? ज्वारीच्या भाकरी कोण थापत होतं? माझी मलाच लाज वाटली. वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले आणि मीना मंगेशकर-खडीकर यांचं 'मोठी तिची सावली' मागून आणलं. थोरल्या बहिणीवर, म्हणजे लता मंगेशकरांवर, मीनाताईंनी लिहिलेलं हे पुस्तक २०१८ साली आलं. म्हटलं, जिची बहीण अख्ख्या देशाची दीदी, तिने कसं लिहिलं ते तरी बघू.

मैत्रिणींनो, त्या घरातली वयं एकदा मांडून बघा. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात वारले. त्या दिवशी लता १२ वर्षांची, मीना १०, आशा ८, उषा ६ आणि हृदयनाथ ४. जिन्याच्या पायऱ्यांसारखी पाच मुलं, आणि त्यांना घेऊन बसलेली माई. दीनानाथांच्या नाटक कंपनीचे वैभवाचे दिवस तेव्हा सरले होते. मास्टर विनायकांनी हात दिला. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' चित्रपटात लताने तोंडाला रंग लावला. नट्टापट्टा करून कॅमेऱ्यापुढे उभं राहणं तिला मनापासून आवडत नव्हतं, हे तिनेच पुढे अनेकदा सांगितलं. पण घरात पैसे यायला हवे होते. पुढे कोल्हापूर झालं, १९४५ मध्ये मुंबई झाली, आणि १९४९ च्या 'महल'नंतर तो आवाज घरोघरी पोचला.

हे सगळं आपण वाचलेलं, ऐकलेलं असतं. पण जगाने लता पाहिली ती 'महल'च्या नंतर. मीनाने पाहिली ती त्याच्या आधीची. दोघींत अंतर जेमतेम दोन वर्षांचं. एकीला काम शोधत बाहेर पडावं लागलं आणि दुसरी ते जवळून पाहत होती. म्हणून तर बहिणीने लिहिलेल्या पुस्तकाचं मोल वेगळं. समीक्षक सूर सांगेल. बारा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर काय पडलं होतं, ते पाठची बहीणच सांगू शकते.

आणि मीनाताई काही नुसत्या सावलीत बसून राहिल्या नाहीत बरं का! १९५७ च्या 'मदर इंडिया'त लता, मीना आणि उषा तिघी बहिणी एका गाण्यात एकत्र गायल्या आहेत. १९६१ च्या 'माणसाला पंख असतात' या चित्रपटाला संगीत मीनाताईंचं. आणि आपण पोरांना मांडीवर घेऊन म्हणतो त्या 'सांग सांग भोलानाथ'ची चालही त्यांचीच. गाणं घराघरात, पण चाल कुणाची हे किती जणींना ठाऊक असतं? मलाही उशिराच कळलं. तरी पुस्तकाचं नाव ठेवताना त्यांनी मोठेपण दिलं ते बहिणीच्या सावलीला.

मग घरात कधी कुरबुर झालीच नाही का? झाली की! आशाताईंनी वयाच्या सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि त्यावरून दुरावा आला, हे त्या दोघींनीही लपवलं नाही. चार बहिणी आणि एक भाऊ म्हटल्यावर रुसवेफुगवे यायचेच. ६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या, तेव्हा मात्र सगळ्या देशाने पाहिलं, ते भावंडांचं भरलेलं घर होतं.

परदेशात याच गोष्टीचा बाजार मांडला जातो. मॅडोना या अमेरिकन गायिकेच्या भावाने, ख्रिस्तोफर चिकोनेने, २००८ मध्ये पुस्तक लिहिलं. अनेक वर्षं तो तिच्याबरोबर काम करत होता, तिच्या कार्यक्रमांची सजावट करत होता. पुस्तकात त्याने आतल्या गोष्टी बाहेर काढल्या. २०२२ मध्ये ब्रिटनी स्पिअर्सच्या धाकट्या बहिणीचं पुस्तक आलं, तर ब्रिटनीच्या वकिलाची नोटीसच गेली. माझं नाव वापरून पुस्तक विकू नकोस, असा तिचा राग. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनीने आपली बाजू सांगणारं स्वतःचं पुस्तक काढलं. एका आईच्या दोन लेकी, आणि भांडण दुकानाच्या फळीवर!

आपल्याकडे मराठी बाईने खरं लिहिलंच नाही असं मात्र समजू नका. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' घ्या, सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' घ्या. लोकांना झोंबलं, तरी पुस्तकं टिकली, कारण त्या दोघींनी स्वतःलाही सोडलं नाही. आणि फार लांब कशाला जायचं? आपल्या गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली, नामदेवांच्या घरात वाढली. जन्मभर स्वतःला नामदेवाची दासी म्हणवलं. पण अभंगांत तिने दळण-कांडण, झाडलोट सगळं मांडलं. म्हणून तर जातं म्हटलं की आज नामदेव नाही, जनी आठवते.

एवढा विचार केल्यावर मी स्वतःपुरती चार पथ्यं ठरवली. तुम्हालाही कुणाच्या साठीला, पंचाहत्तरीला लिहायची वेळ येईल, तेव्हा उपयोगी पडतील.

एक, जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहावं. शेजारणीकडून ऐकलेलं नको. दोन, दुसऱ्याची चूक लिहिताना शेजारी आपली एक चूक लिहावी, म्हणजे तराजू सरळ राहतो. तीन, तिसऱ्याच्या संसाराला धक्का लागेल ते वहीतच ठेवावं. आणि चार, छापायला देण्याआधी जिच्यावर लिहिलं तिला वाचून दाखवावं.

लेख झाला. चौथ्या पथ्यासाठी सेलूला गेले. अक्का अंगणात वाळवणाला राखण बसली होती. मी वाचत गेले. वडिलांचं जाणं, तिचा पहिला पगार, आईचं दुखणं. मग मी लिहिलं होतं, "मला शिक्षणाची फारशी आवड नव्हती, म्हणून मी घर सांभाळलं."

"थांब," अक्का म्हणाली. "हे खोटं आहे."

मी गप्प.

"मॅट्रिकचा फॉर्म भरला होतास तू. मी शाळेत जाऊन तो परत आणला. तुला विचारलंसुद्धा नाही. दोघी बाहेर पडलो असतो तर आईकडे कोण बघणार, एवढंच मला तेव्हा दिसत होतं." जरा वेळ ती कुरड्यांवरच्या माश्या वारत राहिली. "तसंच लिही. माझ्या अंकात खोटं नको."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती विसरली. विसरली नव्हती.

अंक निघाला. ते वाक्य खोडून खरं वाक्य छापलं आहे. समारंभात एका बाईने मला गाठून विचारलं, "तुम्ही बाईंच्या बहीण ना?"

मी काही बोलायच्या आत अक्काच म्हणाली, "नाही. मी हिची बहीण."