माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि सहकाराचा हिशेब

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं! पितळी घागर, मोडका पाळणा, आजेसासूबाईंचा खलबत्ता. अलीकडे त्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे, जुना कॉम्प्युटर. मुलगा बारावीला असताना हप्त्यानं घेतलेला, पहिली काही वर्षं क्रोशाच्या रुमालाखाली मानानं बसलेला आणि मग ‘फार स्लो झालाय’ म्हणून वर चढवलेला. आमच्या कोल्हारात भंगारवाला तो किलोवर घेऊन जातो. मैत्रिणींनो, तो देण्याआधी जरा थांबा, हे सांगायला आज लिहायला बसले आहे.

बहुतेक वेळा हे यंत्र बिघडलेलं नसतंच. जुनी झालेली असते ती त्याच्या आत चालणारी प्रणाली. विंडोज एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ घालावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि पुष्कळ जुन्या यंत्रांत ती नाही. म्हणजे शिलाई मशीन ठणठणीत आहे, पण त्याची सुई आता मिळणार नाही, असा हा प्रकार. अशा वेळी आपण काय करतो? दुसरी कुठली सुई बसते का ते बघतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत अशी सुई आहे. तिचं नाव लिनक्स.

मला हे कळलं ते हौसेनं नव्हे, गरजेपोटी. इथे बचत गटांची आमची एक छोटी संस्था आहे. दोन खोल्यांचं कार्यालय, तीन कॉम्प्युटर, एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सुरुवातीची काही वर्षं हिशेब साध्या तक्त्यांत ठेवला जायचा. पुढे कुणीतरी एक हिशेबाचं सॉफ्टवेअर विकलं. ते चालवायला कॉम्प्युटरच्या मागे एक छोटी किल्ली लावावी लागे, तिला डोंगल म्हणायचे. एके दिवशी डोंगल बंद पडला. विकणाऱ्याला फोन लावला, तर नंबरच अस्तित्वात नाही! त्याचा धंदा केव्हाच बंद झाला होता. पाठोपाठ तक्ते असलेला जुना कॉम्प्युटरही चालू होईना.

आणि नेमक्या त्याच दिवसांत एक मावशी आल्या. २०१४ साली त्या गट सोडून लेकाकडे पुण्याला गेल्या होत्या. आता परत आल्या होत्या आणि गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी जुन्या बचतीचा वाटा मागत होत्या. पासबुक घर बदलताना हरवलेलं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मंग काय गं ताई, माझं पैसं कॉम्प्युटरनं खाल्लं म्हनायचं का?”

काय उत्तर देणार? महिन्याला पन्नास रुपये, तेही कांदा काढणीच्या मजुरीतून बाजूला टाकलेले. ते पैसे बँकेत होते, पण त्यातले मावशींचे किती, हे सांगणारा कागद एका बंद डब्यात अडकला होता.

लोणीला शिकणारी माझी भाची रविवारी आली ती एक पेनड्राइव्ह घेऊन. तिनं बंद पडलेला कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून चालू केला. आतली हार्ड डिस्क शाबूत होती, बिघडली होती फक्त विंडोज. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सनं आतल्या फाइली समोर मांडल्या. तक्ते लिबरऑफिस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडले. आकडे नीट दिसले, पण नावांच्या जागी सगळी अगम्य चिन्हं! कारण ती नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. त्या जुन्या फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसायचा. एखाद्या इंग्रजी अक्षरालाच मराठी अक्षराचा मुखवटा घातलेला असायचा. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. भाचीनं त्याच डिस्कवरून आमचा विकत घेतलेला फॉन्ट शोधून बसवला आणि एकेक नाव उमटू लागलं. मावशींचं नाव तिसऱ्या पानावर होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून महिने मोजले. त्यांचा वाटा त्यांना मिळाला.

डोंगलच्या सॉफ्टवेअरमधली तीन वर्षं मात्र आजही उघडलेली नाहीत. तो साचा फक्त त्या विकणाऱ्यालाच ठाऊक होता. ती तीन वर्षं आम्ही बायकांच्या पासबुकांवरून पुन्हा हातानं लिहून काढली. दोन महिने गेले त्यात.

तेव्हापासून हे मोकळं सॉफ्टवेअर काय प्रकरण आहे, ते मी वाचायला लागले. त्याची सुरुवातही एका कार्यालयातल्या प्रिंटरपासून झाली, हे वाचून तर गंमतच वाटली. १९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करायचा. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर तसा निरोप जाईल, अशी सोय त्यानं स्वतः केली होती. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यातही कागद अडकायचा, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कंपनीनं दिलेला नव्हता. ज्याच्याकडे तो होता त्यानं, कुणाला देणार नाही असं वचन देऊन बसलोय, म्हणून नकार दिला. प्रिंटर आपल्या खोलीत, पण दुरुस्त करायची मुभा नाही! स्टॉलमनच्या मनात ते राहिलं. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यानं ‘ग्नू’ या मोकळ्या प्रणालीची घोषणा केली. त्यामागची तत्त्वं चार. सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला वापरावं, ते कसं चालतं ते बघून बदलावं, दुसऱ्याला त्याची प्रत द्यावी आणि आपण केलेली सुधारणाही वाटावी.

पुढे २५ ऑगस्ट १९९१ ला फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहितोय, असं जगाला कळवलं. तिचं गाभ्याचं काम म्हणजे लिनक्स. आज तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे ‘लिनक्स आपल्याला कसं जमणार?’ असं म्हणणाऱ्या बाईच्या पर्समध्ये ते आधीच असतं, बरं का!

‘फ्री’ म्हटलं की आपल्याला फुकट वाटतं. इथे फ्री म्हणजे मोकळं. आम्हा प्रवरेच्या काठच्या बायकांना हे समजायला जड जात नाही. कोल्हारपासून लोणी अगदी जवळ. तिथे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं, शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला. एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात कारखाना कधीच नव्हता. थोडंथोडं सगळ्यांनी घातलं, म्हणून उभा राहिला. मोकळं सॉफ्टवेअरही असंच आहे. कुणी चार ओळी लिहितं, कुणी चूक दाखवतं, कुणी भाषांतर करतं, काही कंपन्या पगारी माणसं देतात. फरक एवढाच की इथे शेअरही घ्यावा लागत नाही. वापरायला लागलात की झालात सभासद.

भाषांतराचं काम आपल्या मराठीतही झालं आहे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांचे मेनू मराठीत करून घेता येतात. काही शब्द अजून इंग्रजीत डोकावतात, पण ‘फाइल’, ‘जतन करा’, ‘छपाई’ हे वाचता आलं की आमच्या गटातल्या सातवी शिकलेल्या बाईचाही हात धीटपणे चालतो. मराठी टाइप करायला लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट कळफलक असतोच. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. शिवाय सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे नावांचा मुखवटा गळून पडण्याची भीती नाही.

महाराष्ट्रात या मोकळ्या सॉफ्टवेअरनं एक सुंदर प्रयोग पाहिला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीच्या प्राथमिक शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले गेले. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा तो भारतातला पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपमध्ये लिनक्स होतं. वायर न लावता ते आपापसांत जोडले जायचे. केरळमध्ये तर हजारो सरकारी शाळांत संगणक याच पद्धतीनं शिकवला जातो. तिथली मुलं दहावीची संगणकाची परीक्षा लिनक्सवर देतात.

आता आमच्या कार्यालयाचं सांगते. तिन्ही कॉम्प्युटरवर आम्ही लिनक्स मिंटची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घातली. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर उत्तम. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर यंत्र असं पळू लागलं, की कारकून मुलगी म्हणाली, “काकू, हा तोच आहे ना?” तिन्ही यंत्रं केबलनं एका छोट्या स्विचला जोडली. हिशेबाची एकच सामाईक फाइल मधल्या यंत्रावर असते, बाकीच्या दोघी तिथूनच ती उघडतात. गावातलं इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही, कारण हे जाळं आमच्या खोलीपुरतंच आहे. आणि तो डॉट मॅट्रिक्स? तो अजूनही खर्रर्र करत तीन प्रतींच्या पावत्या काढतो. लिनक्सनं त्याला नाकारलं नाही.

तुम्हाला करून बघायचं असेल तर घाई करू नका. आधी आपल्या फाइली, फोटो, सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट तयार करून घ्या. कॉलेजातली कुठलीही हुशार पोरगी हे अर्ध्या तासात करते. पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करा आणि काहीही न पुसता नुसतं वापरून बघा. प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, वायफाय लागतं का, हे तपासा. पटलं तरच आत बसवा. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, यंत्र होतं तसंच्या तसं.

अडचणीही सांगायला हव्यात. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. डिजिटल सहीची काही साधनं विंडोजच मागतात. त्यामुळे सीएच्या कामासाठी एखादं विंडोजचं यंत्र ठेवावं लागलं, तर ठेवावं. फार जुन्या, ३२ बिटच्या यंत्रांसाठी पर्याय कमी होत चालले आहेत. आणि जे यंत्र खरंच मेलंय, ते जाळू नका आणि उकिरड्यावर टाकू नका. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच ते द्यावं.

आमच्याकडे आता रविवारी चार-पाच शाळकरी मुली येतात. स्क्रू काढून आतली धूळ ब्रशनं झाडतात, रॅम कुठली नि डिस्क कुठली ते ओळखतात. कुणाला विणकामाचा छंद, कुणाला रांगोळीचा, तसा यांना हा. घरात ‘कॉम्प्युटरला हात लावू नकोस’ हे वाक्य बहुधा मुलीच्याच वाट्याला येतं. टाकून दिलेल्या यंत्राला हात लावायला मात्र कुणी हरकत घेत नाही. त्यावरच त्या शिकताहेत.

एक गोष्ट मात्र कॉम्प्युटर जुना असो की नवा, लिनक्स असो की विंडोज, प्रत्येक बचत गटानं, महिला मंडळानं, पतसंस्थेनं करावी. उद्या कुणी हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायला आलं, की रंग आणि चित्रं बघण्याआधी त्याला विचारायचं, ‘तुम्ही नसलात तर आमचा हिशेब आम्हाला उघडता येईल का?’ सगळ्या नोंदी साध्या तक्त्यात बाहेर काढता येतात का, हे त्याला समोर करून दाखवायला लावायचं. ओडीएस हा तक्त्यांचा साचा जाहीर आहे. तो ज्या प्रमाणात बसतो, त्याला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यातली फाइल उद्या दुसऱ्या कुणाच्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. महिन्यातून एकदा अशी प्रत काढून पेनड्राइव्हवर दुसऱ्या सभासदाच्या घरी ठेवा आणि वर्षअखेरीची यादी कागदावर छापून फाइलला लावा.

दागिना बँकेच्या लॉकरमध्ये ठेवताना एक किल्ली आपण आपल्याजवळ ठेवतोच ना? बायकांच्या कष्टाच्या पन्नास-पन्नास रुपयांच्या हिशेबाला तेवढी काळजी नक्कीच हवी.