कनवटीपासून पर्सपर्यंत

घरच्या स्त्रीचा इतिहास कोणास पाहावयाचा असेल, तर त्यानें बखरी न धुंडाळतां तिच्या कनवटीस, बटव्यांत आणि पर्समध्यें काय काय असे तें पाहावें. ही यादी पिढीगणिक बदलत आली आहे. परंतु त्या यादींत तिचें स्वतःचें असें काय, हा प्रश्न प्रत्येक पिढींत तसाच उभा राहतो. त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

नऊवारी लुगड्यास खिसा नाहीं. तेव्हां कमरेस किल्ल्यांचा जुडगा, कनवटीस चार-आठ आणे, आणि गांवास निघालें म्हणजे नाड्या ओढून मिटावयाचा बटवा, एवढाच काय तो आमच्या आज्या-पणज्यांचा सरंजाम. बटव्यांत सुपारी-लवंग तर असेच. शिवाय सुंठ, वेखंड, हिरडा, जायफळ अशीं बाळगुटीचीं द्रव्यें असत. रात्रीं-बेरात्रीं मूल रडूं लागलें कीं प्रथम तो बटवा उघडे, वैद्य मागाहून येई. घरगुती औषधांना आजही आपण ‘आजीबाईचा बटवा’ म्हणतों तें याच कारणानें. या सामानाची योग्यता मोठी खरी. पण किल्ल्या सामाईक कोठीच्या, औषधें नातवंडांचीं, आणि कनवटीचे आणे बहुधा कोणी तरी मोजून दिलेले. तिच्या स्वतःच्या इच्छेनें खर्च होईल असें त्यांत थोडेंच होतें.

म्हणूनच तिनें एक युक्ति योजिली. बाजारखर्चांतून उरलेला पैसा ती डाळीच्या डब्यांत वा लुगड्याच्या घडींत ठेवूं लागली. कोणी यास चोरी म्हणे. आमच्या मतें ती चोरी नव्हे. लेकीची पाठवणी, मुलाची फी, माहेरचें आजारपण अशा वेळीं याच पैशानें कित्येक घरांची अब्रू राखली आहे.

पुढें मुली शिकल्या, नोकरीस लागल्या. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें स्त्रीच्या ताब्यांतील मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाच्या ६४ पैशांचे १०० नवे पैसे झाले. पर्स खांद्यावर आली. तींत रेल्वेचा पास, डबा, कंगवा, भाजीसाठीं घडी केलेली कापडी पिशवी, आणि स्वतःच्या पगाराचें पाकीट! १९९२ सालीं चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीं गाडी धावूं लागली, यावरून नोकरदार स्त्रियांची संख्या केवढी वाढली होती हें ध्यानीं येईल. तथापि तें पाकीट घरीं पोंचतांच, न उघडतां, दुसऱ्याच्या हातीं देण्याची रीतही पुष्कळ घरांत चालूच राहिली.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां डब्यांत-घड्यांत जपलेली पुंजी सर्वांदेखत बाहेर काढावी लागली. कांहीं घरांत तिचें कौतुक झालें, कांहीं घरांत उलटतपासणी. त्याच वर्षीं यूपीआयची सोय सुरू झाली, आणि आज पर्समधील बहुतेक जिन्नस मोबाइलमध्यें शिरले आहेत: तिकीट, पैसे, ओळखपत्र, नातवंडांचीं छायाचित्रेंसुद्धां. सोय मोठी आहे. पण कनवटीच्या गांठीस जो एकांत होता तो येथें नाहीं. प्रत्येक व्यवहाराची नोंद होते. आणि खात्यास नंबर जर पतीचा वा मुलाचा जोडलेला असेल, तर चार आण्यांचा हिशेब देणारी पणजी आणि तिची पदवीधर पणती यांत अंतर तें काय राहिलें?

यास्तव आमची सर्व कुटुंबांस एक सूचना आहे. घरांतील प्रत्येक स्त्रीचें, मग ती सासू असो वा सून, खातें तिच्या नांवें असावें, त्यास तिचाच नंबर जोडावा, आणि त्याचा व्यवहार तिनें स्वतः शिकून घ्यावा. तरुणांनीं वडील मंडळींस हें शिकवितांना त्रासूं नये. भगिनींनींही पर्समध्यें थोडी रोकड व मुख्य नंबरांचा एक कागद ठेवावा; बॅटरी संपली म्हणजे त्याचें मोल कळतें. एकत्र कुटुंबांत पुष्कळ कांहीं सामाईक असतें, आणि तें तसें असावेंही. परंतु प्रत्येकीपाशीं एक गांठ अशी असावी कीं जी तिनेंच बांधावी व तिनेंच सोडावी.