घरच्या तबकड्या आणि त्यांची सुई

ज्या घरांत मागील पिढीस गाण्याची आवड होती, त्या घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशीं ध्वनिमुद्रिकांची एक चळत बहुधा सांपडते. वीस-पंचवीस वर्षें तिच्याकडे कोणी पाहिलेलें नसतें. अलीकडे तरुण मंडळींस ह्या तबकड्यांचें पुन्हां प्रेम वाटूं लागलें आहे, ही गोष्ट आनंदाची खरी; परंतु त्या आनंदाबरोबर आम्हांस थोडी धास्तीहि वाटते. प्रेम उत्पन्न होतांच मुलें काय करतात, तर झांकण उघडतांच वाजूं लागणारें पेटीच्या आकाराचें एखादें स्वस्त यंत्र घरबसल्या मागवितात आणि आजोबांची तबकडी त्यावर चढवितात. तबकडी वाजते, सर्वांस कौतुक वाटतें, आणि त्याच वेळीं तिचा थोडा थोडा अंश कायमचा नाहींसा होत असतो. ही शेवटची गोष्ट मुलांस कोणी सांगत नाहीं, म्हणून हा लेख.

पुस्तक शंभर वेळां वाचलें तरी त्यांतील अक्षरें झिजत नाहींत. तबकडीचें तसें नाहीं. तिला वाचणारी सुई तिला घांसूनच वाचते. एमिल बर्लिनर यानें सपाट तबकडीची युक्ति १८८७ सालीं काढली. गायस्बर्ग नांवाचा तंत्रज्ञ १९०२ सालीं कलकत्त्यास येऊन गौहर जानचें गाणें मुद्रित करून गेला. आणि १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास तेहतीस आणि एक-तृतीयांश फेरे घेणारी व्हिनाइलची लांब तबकडी बाजारांत आणली. ह्या सर्व स्थित्यंतरांत सुई आणि खांच यांचा संबंध मात्र होता तसाच राहिला. बारा इंची तबकडीच्या एका बाजूची खांच उलगडून सरळ केली, तर ती सुमारें ४३० मीटर भरते, आणि सुई तें अंतर वीस मिनिटांत तोडते. पांचशें तास वाजलेली सुई म्हणजे पुण्याहून निघून नागपूरच्या बरीच जवळ जाऊन पोंचलेली सुई होय. एवढ्या प्रवासानें हिऱ्याचें टोंकसुद्धां झिजतें. हिऱ्याच्या सुईचें आयुष्य साधारणपणें पांचशें ते हजार तास धरतात. सफायरच्या, म्हणजे कृत्रिम नीलमण्याच्या सुईचें आयुष्य त्याच्या मानानें फारच थोडें. झिजलेल्या टोंकास चपट्या कडा येतात, आणि त्या कडा पटाशीप्रमाणें खांचेच्या भिंती तासूं लागतात.

स्वस्त पेटी-यंत्रांत बहुधा सफायरची सुई असते आणि ती पांच-सहा ग्रॅम भारानें तबकडीवर बसते. चांगल्या सुईस दीड ते दोन ग्रॅम पुरे होतात. येथें गुरूपेक्षां लघु बरा असें कोणी म्हणेल, पण तेंहि पूर्ण सत्य नव्हे. भार फार हलका केला, तर सुई खांचेंत न ठरतां उड्या मारते, आणि उडी मारून पडणारें टोंक अधिकच इजा करतें. कारखान्यानें सांगितलेल्या मर्यादेंत, व त्यांतहि मध्याच्या किंचित् वरच्या बाजूस राहावें, हें उत्तम.

आमच्या एकत्र कुटुंबांत हा प्रश्न गेल्या वर्षीं उभा राहिला. आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंनीं १९६८ पासून पुढें पंधरा-वीस वर्षें पगारांतून पैसे बाजूस टाकून जमविलेल्या दीडशेंच्या वर तबकड्या घरांत आहेत: भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, आणि अर्थातच सुधीर फडक्यांच्या आवाजांतील गीतरामायण. घरांतील निम्म्या मंडळींचें म्हणणें असें पडलें कीं, हें सर्व गाणें आतां फोनवर मिळतें. तेव्हां तबकड्या मुंबईस चोरबाजारांतील एखाद्या व्यापाऱ्यास देऊन कपाट मोकळें करावें. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे, कारण जितक्या तबकड्या निघाल्या तितक्या सर्वच पुढें कॅसेटवर वा सीडीवर आल्या असें मुळींच नाहीं. वहिनींनीं वाद घातला नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, विकायच्या असतील तर विका, पण आधीं एकदां मला नीट ऐकवा."

नीट ऐकवायचें म्हणजे यंत्र नीट हवें. पुतण्यानें इंग्लंडांतून येतांना टेक्निक्स कंपनीचें एसएल-१२०० मार्क दोन हें जुनें यंत्र आणलें. ह्या जपानी यंत्राची पहिली आवृत्ति १९७२ सालीं निघाली, ही दुसरी १९७९ सालीं. २०१० सालीं कंपनीनें हें काम बंद केलें आणि लोकाग्रहास्तव २०१६ सालीं नव्या रूपांत पुन्हां सुरू केलें. ह्यांत पट्टा नाहीं. थाळी व मोटार एकाच आंसावर असून स्फटिकाच्या कंपनांवरून तिची गति राखली जाते. नृत्यगृहांतील तरुणांनीं हेंच यंत्र तबकड्या हातानें मागें-पुढें ओढण्यासाठीं जगभर वापरलें. तेव्हां जुनें यंत्र विकत घेणारानें सुईचा दांडा दोन बोटांत हलकेच धरून पाहावा. सांध्यांत किंचितहि डगडग लागली, तर तें यंत्र नृत्यगृहांतून आलें असें समजून पुढें चालावें.

परदेशचें यंत्र भिंतींतील खोबणींत खुपसण्यापूर्वीं त्याच्या पाठीवरील पट्टी वाचणें अगत्याचें आहे. जपानांत वीज १०० व्होल्टची, अमेरिकेंत १२० ची, आपल्याकडे २३० ची. ट्रान्सफॉर्मर लावला कीं काम झालें असें पुष्कळांस वाटतें, आणि टेक्निक्सच्या बाबतींत तें खरेंहि आहे, कारण त्याची गति विजेच्या आवर्तनांवर अवलंबून नाहीं. परंतु इंग्लंडचें प्रसिद्ध गॅरर्ड ३०१, जें १९५४ सालीं निघालें, किंवा त्या जातीचीं इतर जुनीं यंत्रें यांची गोष्ट निराळी. त्यांची मोटार आवर्तनांच्या तालावर फिरते. अमेरिकेंत सेकंदास ६० आवर्तनें, आपल्याकडे ५०. आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तनें बदलीत नाहीं. अमेरिकेच्या कप्पीसह असें यंत्र येथें लावलें, तर थाळी तेहतीसाऐवजीं अठ्ठावीसाहूनहि कमी फेरे घेते, आणि काळी दोनचा षड्ज लावून बसलेला गवई थेट पांढरी एकमध्यें उतरतो! लयहि त्याच मानानें रेंगाळते. ज्यास स्वराचा कान नाहीं, तो महिनोन् महिने असें गाणें ऐकून बुवांचा आवाज किती भारदस्त, म्हणून मान डोलवील. कप्पी बदलली कीं दोष जातो. गति तपासण्यास फार साहित्य लागत नाहीं. एका वर्तुळाकार कागदावर १८० समान काळ्या रेघा काढून तो थाळीवर ठेवावा आणि जुन्या पद्धतीच्या निऑन दिव्याखालीं पाहावें. आपल्याकडील वीज तो दिवा सेकंदास शंभर वेळां उजळविते. गति बरोबर असली तर रेघा जागच्या जागीं उभ्या दिसतात. मुलांस गणित शिकविण्यासहि हा प्रयोग चांगला. टेक्निक्सच्या थाळीच्या कडेवर असे ठिपके मुळांतच कोरलेले असून त्यांवर प्रकाश टाकणारा दिवाहि जोडलेला आहे. त्यांतील मोठ्या ठिपक्यांची ओळ स्थिर दिसली म्हणजे झालें.

यंत्र ठेवावें कोठें? लांकडी तक्तपोशीच्या जुन्या वाड्यांत माडीवर कोणी चाललें कीं सुई उडते, हा अनुभव पुष्कळांचा असेल. अशा ठिकाणीं टेबल कितीहि जड घेतलें तरी तें तक्तपोशीबरोबरच हलणार. मात्र आपल्या घरांतून भिंतींत बसविलेली कडाप्प्याची फळी बहुधा असतेच. तिच्यावरील डबे खालीं उतरवावे आणि यंत्र तेथें ठेवावें. साहेब लोक ह्याकरितां मोठ्या किंमतीचे खास मंचक विकत घेतात. ध्वनिक्षेपक मात्र त्याच फळीवर ठेवूं नयेत, नाहींतर त्यांचा थरकांप सुईंत शिरून घुमघुम सुरू होते. गवंड्याच्या पाणसळीनें थाळी दोन्ही दिशांस सपाट करून घ्यावी.

मग भार. सुईचें झांकण काढून, बाजूस ओढणाऱ्या दाबाची चकती शून्यावर ठेवून, मागील वजन असें फिरवावें कीं दांडा तराजूच्या दांडीसारखा हवेंत आडवा तरंगावा. त्या स्थितींत केवळ आंकड्यांची कडी फिरवून शून्यावर आणावी. नंतर संपूर्ण वजन हवा तो आंकडा येईतों फिरवावें. सोनाराच्या कांट्यासारखा लहानसा डिजिटल कांटा हल्लीं थोडक्यांत मिळतो. त्यावर सुई टेकवून खातरी करावी. भार दोन ग्रॅम असेल, तर बाजूच्या दाबाची चकतीहि दोनवर ठेवावी. तिरक्या बसविलेल्या सुईस खांच आंतल्या अंगास ओढीत असते; ती ओढ हा दाब फेडतो.

आतां खरी मेख. मूळ तबकडी कोरली जाते तेव्हां कोरणारी सुई त्रिज्येवरून सरळ रेषेंत आंत सरकते. आपल्या घरची सुई मात्र एका खुंटीभोंवतीं फिरणाऱ्या दांड्यावर असल्यानें कंसांत फिरते. त्यामुळें ती प्रत्येक ठिकाणीं खांचेच्या स्पर्शिकेशीं समांतर राहूंच शकत नाहीं. दांडा किंचित् लांब घेऊन व सुई तिरकी बसवून हा दोष कमी करतां येतो, आणि दोन ठिकाणीं तो अगदीं शून्य होतो. हें गणित स्वीडनच्या लोफग्रेन यानें १९३८ सालीं व बेअरवाल्ड यानें १९४१ सालीं मांडलें. बेअरवाल्डच्या हिशेबानें हीं दोन ठिकाणें मध्यापासून ६६ व १२१ मिलिमीटरच्या आसपास येतात. टेक्निक्सनें आपला हिशेब थोडा निराळा करून सोपें माप दिलें आहे: हेडशेलच्या मुखाशीं जेथें रबराची वाटोळी चकती असते, त्या बैठकीपासून सुईच्या टोंकापर्यंत ५२ मिलिमीटर. दोन लहान स्क्रू ढिले करावे, माप घ्यावें, काट्रिज सरळ आहे हें पाहून स्क्रू आवळावे. एवढें काम करण्यास आम्हांस एक दुपार लागली. घाई करणाराचें हें काम नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें विचारणारांनीं ख्यालाची तबकडी कशी भरलेली असते तें आठवावें. विलंबित बाहेरच्या कडेपासून सुरू होतो आणि द्रुत शेवटीं, मध्याजवळ येते. बाहेरच्या कडेस सुईखालून सेकंदाला सुमारें ५१ सेंटिमीटर खांच जाते. मध्याजवळ अवघी २१. म्हणजे जेथें गवई सर्वांत जलद तान घेतो, तेथेंच ती लिहावयास जागा सर्वांत थोडी! इंग्रजी सिंफनीचाहि शेवट बहुधा दणदणीत असल्यामुळें त्यांच्याकडेहि ही अडचण आहेच, पण दाणेदार तानेची जी गत होते ती फार वाईट. सुई वांकडी असली कीं दाणे एकमेकांत मिसळतात आणि आवाज चिरतो. नातवानें पेटी-यंत्र आणलें होतें, त्यावर द्रुत सुरू होतांच वहिनी म्हणाल्या होत्या, "यांच्या वेळीं ही तान अशी फाटत नव्हती." घरांतील मंडळींनीं तो वयाचा दोष मानला. ५२ मिलिमीटरच्या मापानें सुई बसविल्यानंतर नव्या यंत्रावर तीच बाजू शेवटपर्यंत वाजली आणि तान मोत्यांसारखी निवडून ऐकूं आली. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुसरी बाजू लावा, अशी हातानेंच खूण केली. व्यापाऱ्याचा विषय त्यानंतर घरांत निघालेला नाहीं.

सुईंतून निघणारा विद्युत्प्रवाह अगदीं क्षीण, व्होल्टच्या सुमारें दोनशेंव्या भागाइतका असतो. शिवाय तबकडी कोरतांना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबून व तारेचे उचलून कोरतात, नाहींतर खांच रुंद होऊन गाणें मावणार नाहीं. १९५४ च्या सुमारास ह्याचें एक प्रमाण सर्वमान्य झालें. तें उलट फिरविणारें फोनो-प्रिअँप नांवाचें लहान यंत्र मध्यें लागतें. तें नसलें तर गाणें पत्र्याच्या डब्यांतून आल्यासारखें वाटतें. यंत्रापासून निघणारी बारीक तार त्याच्या भूमीच्या स्क्रूस जोडावी, म्हणजे भुणभुण थांबते.

सुधारणा करावयाची तर पैसा प्रथम सुईवर खर्चावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. ऑडिओ-टेक्निका कंपनीनें २०१८ सालीं काढलेल्या व्हीएम-९५ मालिकेंत काट्रिजचें अंग एकच असून त्यास गोल टोंकाची, लंबवर्तुळी, किंवा त्याहूनहि बारीक धारेची सुई बदलून बसवितां येते. गोल टोंकावरून लंबवर्तुळावर गेल्यानें मध्याजवळच्या तानांत जो फरक पडतो, तो जाडजूड तारा विकत घेऊन पडणार नाहीं. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांचीं वर्णनें वाचून आम्हांस जुन्या वैद्यांच्या जाहिरातींची आठवण होते.

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ह्या यंत्रावर वाजविण्याचा मोह धरूं नये. मार्क दोनमध्यें ती गतिच नाहीं, आणि त्या तबकड्यांची खांच रुंद असल्यामुळें त्यांना सुमारें चौपट जाड टोंकाची निराळी सुई लागते. त्यांच्याविषयीं आणखी एक ताकीद देणें जरूर आहे. व्हिनाइलची तबकडी ऊर्ध्वपातित पाण्यांत साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ कापडानें खांचेच्या दिशेनें पुसावी व मधला कागद भिजूं देऊं नये. कांहीं लोक स्पिरिट वापरतात. लाखेस स्पिरिट लावलें कीं ती विरघळते. सुतार पॉलिश करतो तें ह्याच गुणावर. एका पुसण्यांत अख्खें गाणें कापडावर येतें.

तबकड्या नेहमीं उभ्या ठेवाव्या. चळत करून ठेवल्या तर खालच्या वांकतात. पावसाळ्यांत कागदी पिशव्यांस बुरशी धरते; जुन्या पिशव्या टाकून पॉलिथीनच्या घालाव्या, पण वेष्टनें टाकूं नयेत, त्यांवर कधीं कधीं साथीदारांचीं नांवें असतात व तीं दुसरीकडे कोठें सांपडत नाहींत. आमच्या घरीं फळीला दोऱ्यानें एक वही टांगली आहे. जो कोणी तबकडी लावील, त्यानें तारीख व मिनिटें तींत लिहावीं, म्हणजे सुई किती तास चालली तें कळतें. आजपर्यंत २१२ तास झाले आहेत. निम्म्याहून अधिक नोंदी वहिनींच्या अक्षरांत आहेत.