बागकामाचा छोटा ठेका : मालकाने स्वतःसाठी किती घ्यावे?

नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा, असे आपल्या प्रत्येक मेळाव्यात तरुणांना सांगितले जाते. सांगणे चांगलेच आहे. पण नोकरी देणारा झाल्यावर महिन्याच्या शेवटी स्वतःच्या खिशात किती टाकायचे, हे कोणी सांगत नाही. मग एक जण आलेले सगळे बिल आपलीच कमाई समजून खर्च करतो आणि दुसरा कामगारांना पगार देऊन स्वतः उपाशी राहतो. दोघांचेही धंदे बंद पडतात. घरचे म्हणतात, धंदा आपल्या लोकांचे काम नाही. खरे तर धंदा चुकलेला नसतो, हिशेब चुकलेला असतो.

हा हिशेब समजून घेण्यासाठी बागकामाचा ठेका घेऊ. लॉन म्हटले की आपल्याकडे आधी लग्नाचे लॉन आठवते. पण वाकड-हिंजवडीपासून खारघरपर्यंत जिथे जिथे मोठ्या सोसायट्या झाल्या, तिथे हिरवळ कापणे, लव्हाळा काढणे, झाडांना खत-पाणी करणे हे बारमाही काम झाले आहे. माळी म्हणून किंवा हाउसकीपिंगच्या कंत्राटात काही वर्षे राबलेले आपले तरुण आता तीन-चार माणसे आणि एक गवत कापायचे मशीन घेऊन स्वतःचा ठेका सुरू करत आहेत. भांडवल कमी लागते आणि काम हातात असते. म्हणूनच हिशेबाकडे दुर्लक्ष होते.

बिल म्हणजे कमाई नव्हे

समजा, एका तरुणाकडे सहा-सात सोसायट्या आहेत, तीन कामगार आहेत आणि महिन्याचे एकूण बिल १,२०,००० रुपये होते. (हे आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपल्या शहराचे आकडे आपण घालावेत.) त्यातून जाणारा खर्च असा :

– तीन कामगारांचा पगार, प्रत्येकी १५,५०० : ४६,५००
– दिवाळीचा बोनस आणि रजेच्या दिवशी बदली माणूस, यासाठी दरमहा बाजूला : ६,०००
– पेट्रोल, ऑइल, गाडीखर्च : ९,५००
– खत, औषधे, खुरपी-कात्र्या, हातमोजे, मास्क : ८,०००
– मशीनची झीज : २,०००
– फोन, विमा, हिशेबनीस : ३,०००

एकूण खर्च ७५,०००. उरले ४५,०००.

यातली मशीनची झीज बहुतेक जण विसरतात. गवत कापायचे मशीन आणि ब्रश कटर मिळून ७२,००० रुपयांना घेतले आणि ते तीन वर्षे चालले, तर दर महिन्याला २,००० रुपये झिजतात. ते बाजूला काढले नाहीत, तर तीन वर्षांनी ऐन पावसाळ्यात, गवत आठ-दहा दिवसांत गुडघ्याला लागते तेव्हा, मशीन बंद पडते आणि सावकाराचे दार ठोठवावे लागते.

आता हे ४५,००० मालकाची कमाई आहे का? अर्धीच. हा तरुण सकाळी सहाला साइटवर असतो, अर्धा दिवस स्वतः मशीन चालवतो आणि उरलेला वेळ देखरेख, बिले, सेक्रेटरींचे फोन यांत जातो. हेच काम दुसऱ्या एजन्सीत सुपरवायझर म्हणून केले असते, तर त्याला समजा २५,००० मिळाले असते. म्हणजे २५,००० ही त्याच्या श्रमाची मजुरी आहे. उरलेले २०,००० हा धंद्याचा नफा. मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे डोक्यात पक्के बसले की अर्धा प्रश्न सुटतो.

पहिला नियम यातूनच येतो. आपल्या श्रमाला बाहेर जेवढे मिळाले असते, तेवढे तरी मालकाने पगार म्हणून घ्यावे. तेवढेही सुटत नसेल, तर तो धंदा नाही, बिनपगारी नोकरी आहे. मग दर वाढवायचा, काम वाढवायचे किंवा सरळ नोकरी धरायची. त्यात कमीपणा काही नाही.

तथागतांनी सांगितलेले चार भाग

नफ्याच्या २०,००० चे काय करायचे? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशात निम्मी मिळकत पुन्हा धंद्यात घालायला सांगितली आहे, याकडे आपल्या तरुणांचे लक्ष कमी जाते.

पण हा उपदेश ज्या सिगालाला केला तो सधन गृहपतीचा मुलगा होता. आपल्या ठेकेदाराने सगळ्या ४५,००० चे चार भाग केले, तर घरखर्चाला ११,२५० येतील. त्यात शहरात घर चालणार नाही. म्हणून माझ्या मते लहान धंद्यात आधी स्वतःची मजुरी बाजूला काढावी आणि उरलेल्या नफ्याला हा नियम लावावा. २०,००० चे चार भाग केले, तर ५,००० घरासाठी, १०,००० धंद्यासाठी आणि ५,००० राखीव. म्हणजे महिन्याला घरी न्यायचे ३०,०००.

धंद्याचे १०,००० का लागतात? सोसायटीचे बिल वेळेवर येत नाही म्हणून. कमिटी बदलली, सेक्रेटरी गावाला गेले, चेकवर एक सही राहिली, कारण काहीही असते. कामगारांचा पगार मात्र सात तारखेला द्यावाच लागतो. दोन महिन्यांचा पगार, म्हणजे ९३,००० रुपये, कायम हाताशी हवेत. दरमहा १०,००० टाकले, तर नऊ-दहा महिन्यांत ही गंगाजळी उभी राहते. त्यानंतरचे पैसे दुसरे मशीन, नवे काम यांसाठी.

व्यग्घपज्ज सुत्तात कोलिय दीघजाणूला तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योगशीलता, मिळकतीचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि आय-व्ययाचा मेळ घालून समतोल जगणे. कमाई थोडी असताना थाटात राहू नये आणि भरपूर असताना कंगालासारखेही जगू नये, असा त्याचा अर्थ. पहिले मोठे बिल आले की हप्त्यावर बुलेट घेणाऱ्याने हे सुत्त एकदा वाचावे.

दर मागताना हिशेब पुढे ठेवा

आता खरी लढाई. सेक्रेटरी म्हणतात, "आधीचा माणूस एवढ्यातच करायचा. वीस टक्के कमी करा." आपला तरुण काम जाईल या भीतीने हो म्हणतो. त्या 'हो'चा अर्थ काय होतो ते पाहू.

खर्च ७५,००० आणि मालकाची मजुरी २५,००० मिळून एकूण एक लाख. तीन कामगार महिन्याला २६ दिवस, रोज आठ तास म्हणजे ६२४ तास, शिवाय मालकाचा अर्धा दिवस म्हणजे १०४. एकूण ७२८ तास. त्यातला साधारण पाव वेळ एका साइटवरून दुसरीकडे जाण्यात आणि सामान चढवण्या-उतरवण्यात जातो. प्रत्यक्ष कामाचे उरले सुमारे ५५०. म्हणजे माणसाच्या एका तासाला १८० च्या वर खर्च येतो आणि आपण सुमारे २२० घेतो. सर्व सोसायट्यांना वीस टक्के सूट दिली, तर बिल ९६,००० वर येते. नफा पूर्ण गेला आणि वर ४,००० चा खड्डा पडला.

हा खड्डा कोण भरतो? ठेकेदार आधी स्वतःचा पगार कापतो. ते झेपेना की कामगाराचा खाडा कापतो, बोनस विसरतो, हातमोजे आणि मास्क न देताच औषध फवारायला लावतो. म्हणजे सेक्रेटरींनी मिळवलेली सूट शेवटी सर्वांत खालच्या माणसाच्या ताटातून जाते.

म्हणून दर तासावर ठरवा. दोन माणसे, आठवड्यातून तीन दिवस, तीन तास म्हणजे आठवड्याला १८ तास, महिन्याला ७८. २२० च्या दराने १७,१६० रुपये. कमिटीला पैसे कमी करायचे असतील, तर तास कमी करा : तीनऐवजी दोन दिवस येऊ. काम तेवढेच आणि पैसे कमी, हे मान्य करू नका.

कागदही नीट ठेवा. उद्यम नोंदणी मोफत होते. ती असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळण्याचा आणि उशीर झाल्यास व्याज मागण्याचा हक्क येतो. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. आपल्या उदाहरणात ती १४,४०,००० आहे. काम वाढवताना ही रेघ लक्षात ठेवूनच दर सांगावा. मशीनसाठी मुद्रा कर्ज विनातारण मिळू शकते, पण त्याचा हप्ता नफ्यातल्या धंद्याच्या भागातून जायला हवा, कामगारांच्या पगारातून नाही.

वरची मर्यादा कोणती?

कमीत कमी किती घ्यावे हे पाहिले. जास्तीत जास्त किती? अनेक ठेकेदार म्हणतील, धंदा माझा, जोखीम माझी, मी ठरवीन. इथे आपल्या चळवळीचा संबंध येतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. पुढे १९४८ साली तो कायदा झाला. ज्या कामगाराच्या मागे संघटना नाही, त्याच्या मजुरीला तळ असावा, हा त्यामागचा विचार. बागेत खुरपे चालवणारा आपला कामगार नेमका तोच आहे. आपल्या परिमंडळाचे किमान वेतन आणि त्यावरचा, दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता मालकाने स्वतः तपासला पाहिजे. ते पूर्ण दिल्याशिवाय उरलेल्या पैशाला नफा म्हणता येत नाही. ती कामगाराची थकबाकी असते.

जातिव्यवस्थेची ताकद श्रेणीबद्ध विषमतेत आहे, हे बाबासाहेबांनी समजावून सांगितले. प्रत्येकाला वरचा दाबतो आणि दाबायला खालचा मिळतो. सोसायटीने आपल्याला दाबले म्हणून आपण मराठवाड्यातून आलेल्या कामगाराला दाबले, तर मालकाचे आडनाव बदलले, व्यवस्था तीच राहिली.

म्हणून एक साधी कसोटी सुचवतो. मालक स्वतः कामावर राबतो तोवर त्याची घरी नेण्याची रक्कम सर्वांत कमी पगाराच्या कामगाराच्या दुप्पट-अडीचपटीत असावी. आपल्या उदाहरणात १५,५०० आणि ३०,००० हे प्रमाण दुपटीच्या आतच आहे. धंदा वाढला, दहा-बारा माणसे झाली, तर मालकाची रक्कम जरूर वाढावी, पण कामगारांचीही तिच्याबरोबर वाढली पाहिजे. तीन कामगारांना भविष्य निर्वाह निधी बंधनकारक नसेल, तरी प्रधानमंत्री सुरक्षा बिमा (वर्षाला २० रुपये) आणि जीवन ज्योती बिमा (वर्षाला ४३६ रुपये) काढून देता येतात. तिघांचे मिळून वर्षाला १,३६८ रुपये. एवढेही परवडत नाही असे म्हणणाऱ्याने आपला दर पुन्हा तपासावा.

आणि विसावा हिस्सा? १९५६ साली नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा देण्याचे आवाहन केले. तो बिलावर काढायचा नसतो, स्वतःच्या मिळकतीवर काढायचा असतो. ३०,००० चा विसावा भाग १,५००. कामगारांचा पगार थकवून विहाराला दिलेली पावती भिंतीवर लावण्यात पुण्य नाही.

पैसा कमावणे धम्मात वाईट मानलेले नाही. अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : संपत्ती असण्याचे, ती उपभोगण्याचे, कर्ज नसण्याचे आणि निर्दोष जगण्याचे. त्यांनी चौथे सर्वांत मोठे मानले. वर्षाअखेर वही उघडा आणि चार प्रश्न विचारा. माझी मजुरी सुटली का? घराला पुरले का? डोक्यावर किती कर्ज आहे? आणि ज्यांच्या हातांनी हे गवत कापले, त्यांचा एक रुपया तरी माझ्याकडे राहिला आहे का? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' म्हणता येईल तेवढे जरूर कमवा, आणि ते कमावताना लाजू नका.

जयभीम.