बदलीचे गुरुजी

'बदली' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सरकारी नोकर एका गावाहून दुसऱ्या गावी गेला, की आपण म्हणतो, त्याची बदली झाली. मुंबईच्या कापडगिरण्यांत मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने चाले. कायमचा कामगार त्या दिवशी आला नाही, तर त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली कामगार.

आज आपण या दुसऱ्या बदलीविषयी बोलू. शाळेतल्या बाई किंवा गुरुजी रजेवर गेले, तर वर्ग कोणी सांभाळायचा? आणि म्हाताऱ्या माणसाला ते काम झेपते का?

गिरणीतला माग बंद पडला, की लगेच कळते. कापड निघत नाही. वर्ग बंद पडला तर तसे कळत नाही. मुले शाळेत येतात, दुपारी खिचडी खातात, खेळतात आणि घरी जातात. आईबापांना वाटते, शाळा चालू आहे.

न दिसणारी तूट

दुसरीतली एक साधी वजाबाकी घ्या. ४२ मधून १७ वजा करायचे आहेत. २ मधून ७ जात नाहीत. मग काय करायचे?

४२ म्हणजे दहा-दहा काड्यांच्या ४ जुड्या आणि २ सुट्या काड्या. त्यांतली एक जुडी सोडायची. आता सुट्या काड्या १२ झाल्या. त्यांतून ७ काढल्या, ५ उरल्या. जुड्या ३ राहिल्या होत्या. त्यांतली १ काढली, २ उरल्या. उत्तर आले २५.

ही जुडी सोडायची रीत ज्या आठवड्यात शिकवायची, नेमका त्याच आठवड्यात वर्ग बिनशिक्षकाचा राहिला तर? मूल गप्प बसत नाही. ते आपल्या परीने वाट काढते. २ मधून ७ जात नाहीत, मग ७ मधून २ वजा करते आणि ३५ लिहून मोकळे होते. त्याला वाटते, गणित सुटले. पुढे भागाकार आला, की तिथे पुन्हा वजाबाकी लागते आणि मूल अडते. मग आपण म्हणतो, "याचं डोकंच चालत नाही." डोके चालते हो! मधली एक पायरी तेवढी राहून गेलेली असते.

लहान शाळेत हा धोका जास्त. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्राथमिक शाळेत ६० पर्यंत मुले असली, तर २ शिक्षक, असा त्या कायद्याचा हिशेब आहे. वर्ग चार आणि शिक्षक दोन. म्हणजे एकेकाकडे दोन वर्ग. त्यांतला एक रजेवर गेला, की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची असते. ती बाईंच्या हक्काची आहे, आणि ती त्यांनी घेतलीच पाहिजे. पण मागे राहिलेल्या वर्गाचे काय, हा प्रश्न गावाचा आहे.

पावसाळा

आम्ही साताऱ्याकडचे. जिल्हा परिषदेच्या शाळांतून ३४ वर्षे शिकवले आणि ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. नारळ मिळाला, शाल मिळाली. पुढचे काही महिने मोठे अवघड गेले. सकाळचे दहा वाजले, की पाय आपोआप शाळेच्या वाटेला लागत. मग पारावर जाऊन बसायचे, पेपर वाचायचा, तोच पुन्हा वाचायचा. घरची मंडळी म्हणाली, "अहो, घड्याळाकडं किती वेळा बघाल? त्याला काय नवीन काटा फुटणार आहे?"

एका वर्षी गावच्या शाळेतल्या बाई बेंदराच्या सुमारास रजेवर जायच्या होत्या. शाळा व्यवस्थापन समितीची माणसे आमच्याकडे आली. "गुरुजी, नवीन माणूस मिळेपर्यंत पहिली-दुसरी बघाल का?" आम्ही हो म्हणालो. मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांना कळवले. पगार घ्यायचा नाही, हजेरीपटावर सही करायची नाही, शाळेची जबाबदारी मुख्याध्यापकांचीच राहील, असे ठरले.

तुम्ही शेतकरी असाल, तर ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. शेजारी परगावी गेला, तर आपण त्याच्या उसाला पाणी देतो. पण आपल्या मनाने त्याच्या रानात नवे पीक लावतो का? नाही. त्याने जे पेरले आहे, तेच जगवतो. बदलीच्या गुरुजींचे काम असेच आहे.

म्हणून आम्ही आधी बाईंजवळ जाऊन बसलो. धडा कुठवर आला आहे, कोणते मूल अक्षर उलटे काढते, कोणाला लांबचे दिसत नाही म्हणून पुढे बसवायचे, कोण रागावले की दोन दिवस बोलत नाही, हे सारे एका वहीत लिहून घेतले. मुलांची नावे पाठ केली. बाई मुलांना गोल बसवत. आम्ही जन्मभर रांगेत बसवले होते. पण आम्ही गोलच ठेवला. सहा वर्षांच्या मुलाची बाई बदलली, तेवढे पुरे. त्यात बसायची जागाही बदलली, तर ते बावरते.

दोन वर्ग एका खोलीत चालवायची एक रीत आहे. एकाला हाताचे काम द्यायचे आणि दुसऱ्याला तोंडी शिकवायचे. पहिलीची मुले चिंचोके मोजत, तोवर दुसरीला वाचन. मग उलट. पावसाचा जोर असला, की पत्र्यावर एवढा आवाज होई की काही ऐकू येत नसे. अशा वेळी चित्रे काढायची आणि चित्राखाली नाव लिहायचे.

आमची नात त्याच शाळेत दुसरीला होती. पहिल्या दिवशी वाटेत तिने विचारले, "आबा, शाळेत तुम्हाला काय म्हणू?" आम्ही सांगितले, "उंबऱ्याच्या आत गुरुजी, बाहेर आबा." तिने ते काटेकोर पाळले. आम्हाला मात्र तिचे उत्तर आधी ऐकायचा मोह आवरावा लागे.

सुगी आणि दिवाळी

भाद्रपद सरला, की सोयाबीन काढणीला येते. मजूर मिळत नाहीत. आमचा मुलगा आणि सूनबाई दिवसभर रानात. घरी म्हैस आणि अंगणात वाळत घातलेले धान्य. सूनबाई आम्हाला मामा म्हणते. ती एकदा हळूच म्हणाली, "मामा, पोरांचं बघताय ते चांगलंच आहे. पण आत्याबाईंच्या गुडघ्याला बघा की जरा." खरे होते ते. निवृत्त माणसाचा वेळ मोकळा असतो, असे गावाला वाटते. घराला मात्र त्याचा हात हवा असतो. शाळेत पुण्य आणि घरात चिडचिड, असे झाले तर तो सौदा चांगला नव्हे.

जवळच्या वाडीत एक निवृत्त बाई राहत. आम्ही त्यांना विचारले. सुगीचे पंधरा दिवस त्यांनी वर्ग घेतला, आम्ही घरी थांबलो. आमच्याकडे शेतात सावड करतात. आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी. तशीच ही शाळेची सावड. एका माणसाच्या खांद्यावर सारा भार टाकू नये. म्हातारा माणूस आजारीही पडतो.

पुढे नोव्हेंबर येतो. या महिन्यात निवृत्तिवेतन घेणाराला हयातीचा दाखला द्यावा लागतो. आम्ही अजून जिवंत आहोत, असे सांगायचे आणि सही करायची. त्याशिवाय पेन्शन पुढे चालू राहत नाही. त्या वर्षी घरची मंडळी हसून म्हणाली, "दाखला कशाला? पाढ्यांचा आवाज पार वेशीपर्यंत येतोय की!"

हिवाळा

दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम भरात येतो. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. मायबाप पहाटे कोयता घेऊन जातात. मुले कोपीवर राहतात.

या मुलांची शाळा दोन तुकड्यांत होते. अर्धी गावाकडे, अर्धी इकडे. मधले महिने हातचे निसटले, तर सुटलेली पायरी पुन्हा सापडत नाही. कायदा या मुलांच्या बाजूचा आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावे लागते. जुन्या शाळेचा दाखला आणला नाही, म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. हे पुष्कळ आईबापांना ठाऊकच नसते.

एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दाराशी उभी राहायची. आत ये म्हटले, तर भावाकडे बोट दाखवायची. भाऊ तीन वर्षांचा. त्याला शेजारच्या अंगणवाडीत बसवले, तेव्हा ती आत आली. वय नऊ, म्हणजे तिचा वर्ग चौथीचा. वजाबाकीत मात्र तेच ३५ चे उत्तर. आम्ही तिच्यापुढे काड्यांची जुडी ठेवली. तिने ती सोडली, मोजली, पुन्हा मोजली. चौथ्या दिवशी तीच दुसरीतल्या मुलांना जुडी सोडून दाखवू लागली. मार्चमध्ये टोळी गेली, तीही गेली. जाताना मुख्याध्यापकांनी तिच्याजवळ एक चिठ्ठी दिली. तिला काय काय येते, ते त्यात लिहिले होते. पुढच्या गुरुजींना कामाला येईल.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाई कामावर आल्या. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली आमच्याच सातारा जिल्ह्यात, नायगावला झाला. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तिथे शिकवायला उभ्या राहिल्या. दगड-शेण अंगावर घेऊन त्यांनी शिकवले. आज गावची बाई १८० दिवसांची रजा घेऊन परत वर्गात येते, हे त्या वाटेवरचेच पुढचे पाऊल आहे.

बाई आल्या, त्या दिवशी आम्ही वही त्यांच्या हाती दिली. रोज काय झाले, कोणते मूल कुठे आहे, सारे तारीखवार लिहिले होते. मुले अजून आमच्याकडेच वळून बघत होती. आम्ही व्हरांड्यात गेलो. थोड्या वेळाने ती बाईंकडे बघू लागली. मनाला लागते हो ते. पण बदलीचे काम नीट झाले की नाही, याची खूण तीच. मुले आपल्यावाचून अडली, तर आपण वर्ग सांभाळला नाही, बळकावला.

उन्हाळा

उन्हे तापली, की शाळा सकाळची होते. बाईंनी सांगितले, म्हणून आम्ही आठवड्यातून दोनदा चौथीतल्या कच्च्या मुलांचे वाचन घेतले. बाकी वेळ घरचा. अंगणात कुरडया वाळत घालायच्या, त्यांवर येणाऱ्या चिमण्या हाकलायच्या, नातीला विहिरीवर पोहायला न्यायचे. मंडळींना गुडघ्यासाठी साताऱ्याला डॉक्टरांकडे नेऊन आणले. ते वर्षभर राहून गेले होते.

एक गोष्ट स्पष्ट बोलू

२०२३ साली राज्य सरकारने एक निर्णय घेतला. रिकाम्या जागी नवीन भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षक घ्यायचे, मानधन महिना २० हजार रुपये, वयाची मर्यादा ७०. शिक्षक होण्याचे शिक्षण घेऊन बसलेल्या तरुणांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की ज्यांना पेन्शन आहे त्यांना काम, आणि आम्ही घरी बसायचे?

आम्हाला त्यांचे म्हणणे रास्त वाटते. रजेची जागा वेगळी आणि रिकामी जागा वेगळी. रजेवरचा माणूस परत येणार असतो. तेवढ्यापुरता म्हाताऱ्याने हात द्यावा. पण जी जागा कायमची रिकामी आहे, तिथे कायमचा तरुण शिक्षकच हवा. आमच्यासारख्यांना पुढे करून ती जागा झाकून ठेवणे बरे नव्हे. बदलीचे गुरुजी मिळाले, म्हणून गावाने शिक्षक मागायचे सोडू नये.

तुमच्या हातात काय आहे?

तुम्ही म्हणाल, आम्ही आत्ता कुठे वाचायला लागलो. आम्ही काय करणार?

पुष्कळ करता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले निदान तीन सभासद पालक असावे लागतात. निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे ही समिती तुमचीच आहे. शिक्षक लांबच्या रजेवर जाणार असतील, तर ते जायच्या आधी विचारा, "मागं वर्ग कोण बघणार?" गावात निवृत्त गुरुजी किंवा बाई असतील, तर त्यांच्या दारी जा. बोलावल्याशिवाय म्हातारा माणूस येत नाही. त्याला वाटते, आपली गरज सरली.

आणि आज रात्री एक काम करा. मुलाची वही मागा. आतले गणित तुम्हाला कळले नाही, तरी चालेल. वर कोपऱ्यात तारीख लिहिलेली असते. अंक तर तुम्हाला आता वाचता येतात. तारीख कालची किंवा आजची असली, तर वर्ग चालू आहे. ती आठ दिवसांपूर्वीची असली, तर उद्या सकाळी शाळेत जा आणि का ते विचारा.