‘उद्या घरून कुणाला तरी घेऊन ये!’

शाळेतला हा निरोप ऐकून पोटात गोळा आला नाही, असा आपल्यात क्वचितच कुणी असेल. आपण घाबरलो ते घरच्यांच्या ओरडण्याला. पण मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर बाकावर बसलेल्या आईबाबांचं काय होत होतं, हे कधी विचारलंय त्यांना?

मधल्या सुट्टीतली मारामारी, प्रगतिपुस्तकावर खोटी सही, फुटलेली काच. कारण काहीही असो, डायरीत लाल शेरा यायचाच. मग आपल्या युक्त्या सुरू. कुणी बाबांचा मूड बघून रात्री जेवणानंतर विषय काढायचं. कुणी सकाळी रिक्षा दारात उभी असताना ‘आई, फक्त सही कर ना पटकन’ म्हणायचं. कट्ट्यावर हे किस्से अजून रंगतात. दुसऱ्या बाजूचा किस्सा मात्र कुणी सांगत नाही.

तर ही दुसरी बाजू. ज्याचं पोट रोजावर आहे, त्याचा त्या दिवशी खाडा. नोकरी असेल तर हाफ डे. आणि साहेबाला कारण काय सांगायचं? ‘पोरानं वर्गात मारामारी केली’ असं कोण सांगेल? मग ‘बँकेत काम आहे’ असं सांगून निघायचं. म्हणजे तुमच्या खोट्या सहीपायी त्यांनाही खोटं बोलावं लागलं.

शाळा इंग्लिश मीडियमची असेल आणि आईबाबा मराठी शाळेत शिकलेले असतील, तर पंचाईत दुप्पट. मॅडम इंग्लिशमधून बोलणार, आई नुसती मान डोलावणार, आणि तक्रारीचं भाषांतर करणार कोण? ज्याची तक्रार आहे तोच! आपण तेव्हा दोन वाक्यं गाळली, म्हणून आतून खूश होतो. आईला मात्र एवढंच कळत होतं, की आपल्या मुलाबद्दल काहीतरी वाईट बोललं जातंय आणि आपल्याला ते नीट समजतही नाहीये.

मग येतो तो ठरलेला प्रश्न, ‘घरी लक्ष देता ना?’ बोट तुमच्याकडून त्यांच्याकडे वळतं ते इथे. आपल्याकडे मुलानं चांगलं केलं तर ‘बापाचं नाव काढलं’ आणि वाईट केलं तर ‘आईनं लाडावून ठेवलाय’. त्या खुर्चीत बहुतेक वेळा आईच बसलेली असते, हेही लक्षात घ्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुइस यांनी १९७१ मध्ये अपराधीपणा आणि लाज यांतला फरक मांडला. अपराधीपणात लक्ष कृतीवर असतं, ‘माझ्या हातून वाईट घडलं’. लाजेत लक्ष स्वतःवर असतं, ‘मीच वाईट’. चूक सुधारता येते, माफी मागता येते. लाज वाटली की माणूस लपतो किंवा चिडतो. आईबाबांची गंमत अशी, की कृती तुमची आणि लाज त्यांची. माफी तरी कशाची मागणार? मग तो राग शाळेच्या गेटबाहेर आपल्या पाठीत धपाट्याच्या रूपानं निघतो.

‘सर, चांगला चोप द्या, माझी काही हरकत नाही’ हे वाक्यही याच लाजेतून येतं. खरं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना बंदी आहे. पालकांनी परवानगी देऊन ती उठत नाही. पण बाबांना तेव्हा एवढंच सांगायचं असतं, ‘मी तसला बेफिकीर बाप नाही हो!’

या सगळ्यात एक प्रश्न राहून जातो, मुलानं असं का केलं? ‘तारे जमीन पर’ (२००७) आठवा. ईशानच्या तक्रारी येत राहतात, वडील त्याला बोर्डिंगला टाकतात. त्याला डिस्लेक्सिया आहे, हे नंतर एका शिक्षकाच्या लक्षात येतं. घरात लाज आणि राग भरला की मुलाकडे बघायलाच कुणी उरत नाही.

कॉलेजला आलो म्हणजे सुटलो असं समजू नका. ७५ टक्के हजेरी भरली नाही की डिफॉल्टर लिस्ट लागते आणि अनेक कॉलेजांत पुन्हा तेच, ‘पालकांना घेऊन या’. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगविरोधी हमीपत्रसुद्धा विद्यार्थ्याबरोबर पालकांनाही द्यावं लागतं. मतदान आपण एकटे करतो, पण आपल्या वागण्याची हमी द्यायला अजून तेच लागतात.

फरक इतकाच, की आता आपण काहीतरी करू शकतो. कॉलेजचा मेसेज जायच्या आधी घरी स्वतः सांगा, काही न गाळता. केबिनमध्ये मान खाली घालून उभं राहण्यापेक्षा ‘हे मी केलंय, घरच्यांना माहीत नव्हतं’ एवढं स्पष्ट बोला. आई गोंधळलेली दिसली तर ‘मॅडम, मराठीत बोलूया का?’ असं विचारा. त्या एका वाक्यानं तिची मान थोडी वर होईल.

लाल शेऱ्याची डायरी कधीच रद्दीत गेली असेल. आईला तो दिवस बहुतेक अजून आठवत असेल. आज जेवताना विचारून बघा, ‘तेव्हा शाळेत तुला काय काय ऐकावं लागलं गं?’ आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका.