हातानं वही बांधायची, तर आधी पोथी पाहावी

दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. बोरू कसा निवडावा, ओळी कशा सारख्या ठेवाव्यात, इथपासून हिंगूळ, मेणकापड, पेट्या-कुलुपांपर्यंत सगळ्या सरंजामाचा विचार समर्थांनी तिथे केला आहे. त्यात एक सूचना अस्सल कारागिराची आहे: पानाच्या भोवती जागा सोडून मध्ये लिहावं, म्हणजे कागद झडला तरी अक्षर जाणार नाही. कसर लागते ती कडेपासून, बोटांचा घाम बसतो तोही कडेलाच. जुन्या पोथीतल्या कोऱ्या पट्ट्या म्हणजे काळासाठी आधीच काढून ठेवलेला वाटा.

हल्ली हातानं वह्या-पुस्तकं बांधण्याची हौस चांगलीच वाढली आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण कागद चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ करण्याची टूम पाहिली की जीव हळहळतो. चहातल्या आम्लानं तो कागद लवकर ठिसूळ होतो. जुनेपणाचा रंग उचलण्यापेक्षा जुन्यांची बांधणी उचलावी, आणि त्यासाठी हस्तलिखितांच्या संग्रहासारखी दुसरी शाळा नाही. पुण्यात भांडारकर संस्था आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे; धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. तंजावरला सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांचा मोठा ठेवा आहे. भांडारकर संस्था 1917 साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजातला सरकारी हस्तलिखितसंग्रह तिच्याकडे आला. तिथल्या ऋग्वेदाच्या 30 हस्तलिखितांची युनेस्कोनं 2007 साली जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. त्यातलं एक भूर्जपत्रावर, शारदा लिपीत आहे.

पोथी आडवी का असते? ताडाचं पान लांब आणि अरुंद, म्हणून. त्या पानाला भोक पाडून दोरी ओवत. पुढे कागद आला, दोरीची गरज संपली, तरी आकार आडवाच राहिला. कित्येक जुन्या कागदी पोथ्यांत, विशेषतः जैन पोथ्यांत, पानाच्या मधोमध चौकट किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची जागा मोकळी सोडलेली दिसते. तिथे भोक नाही, दोरी नाही. लेखकाची ओळ मात्र त्या जागेशी थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नक्षी वाटते. ती त्या दोरीची आठवण आहे.

कागदाकडेही नीट पाहावं. आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादचा कागद नावाजलेला होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नावच त्या धंद्यावरून पडलं. ताव वाळला की त्याला खळ लावत आणि गुळगुळीत दगडानं घोटून घोटून चकाकी आणत. घोटल्यानं कागदाची छिद्रं बुजतात, शाई आत न फुटता वर बसते आणि बोरू अडखळत नाही. पान तिरकं धरून उजेडात पाहिलं, तर घोटल्याचे फिकट पट्टे कधीकधी अजून ओळखू येतात. शाई काजळीची आणि डिंकाची. काजळी उन्हानं विटत नाही, पण पाणी लागलं की पसरते. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, तो पिवळा डागही पानोपानी भेटतो.

पोथीच्या शेवटी नकलाकार अनेकदा वाचणाऱ्याला विनवतो: तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप. या तिसऱ्या विनवणीकडे वही बांधणाऱ्यानं फार लक्ष द्यावं. सुटी पानं दोन फळ्यांत धरून रुमालात घट्ट आवळली, की ती वाकत नाहीत आणि आत धूळ, दमट हवा कमी जाते. रुमालात वेखंड ठेवायचं ते किडीसाठी.

घरी करायची तर जुजबंदीची वही करावी. हातकागदाचे चार ताव एकत्र दुमडले की आठ पानांचा, म्हणजे सोळा पृष्ठांचा एक जुज होतो. असे पाच-सहा जुज घ्यावेत. घडीवर दाभणानं सारख्या अंतरावर भोकं पाडावीत आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं एकेक जुज शेजारच्याला गुंतवत शिवत जावं. दोरा दर वेळी घडीच्या दिशेनं ओढावा. आडवा ओढला तर कागद फाटतो. यंत्राच्या कागदाला ग्रेन असतो, त्याची दिशा पाठीला समांतर ठेवावी लागते. नाहीतर पान उघडं राहत नाही, ताठ उभं राहतं. हातकागदात तंतू चहूबाजूंनी बसलेले असल्यानं तो त्रास जवळजवळ नसतो. पुठ्ठ्याला मैद्याची खळ पातळ लावावी आणि वही वजनाखाली रात्रभर ठेवावी. खळीत मोरचूद घालण्याची बाइंडरांची जुनी रीत आहे, पण ते विषारी असतं. घरात लहान मूल असेल तर ते टाळावं आणि खळ ताजीच वापरावी.

संग्रहालयात जाताना शिसपेन्सिल न्यावी, शाईचं पेन बहुतेक ठिकाणी आत चालत नाही. पोथी पाहायला परवानगी लागते, ती आधी पत्र लिहून मागावी. समोर पोथी आली की मजकुराआधी तिच्या कडा पाहाव्यात, मग फळ्या, मग रुमालाची गाठ.